वाळवंटाची तालीम

“आन् गरमीचं म्हनशील तर आये, हितं...” एवढं बोलून जनाचा आवाज जाड झाला, मग रेड्यासारखा झाला आणि मग टेपरेकॉर्डरने उरलेली पट्टी गिळून टाकली.

इद्रिसने घाईघाईने बटण दाबलं. कर्जत स्टेशनाबाहेर त्याचा सोड्याचा आणि बर्फाचा डेपो होता. मस्कतला असलेला त्याचा भाऊ मोहियुद्दीन सुट्टीवर येताना दर खेपेला काहीतरी वाजणारं घेऊन यायचा, त्यातलाच हा टेपरेकॉर्डर. इद्रिसने पट्टी ओढून बाहेर काढली, पेन्सिल घालून गुंडाळली, वर फुंकर मारली. पण नेमका गरमीचा तुकडा चुरगळून गेला होता. त्याच्यापुढचं मात्र स्वच्छ लागलं.

“...तवा मनात कायबी आनू नका. दोघंबी या. मी वाट बघते.”

समोरच्या बाकावर बसलेल्या मोतीबाईने डोळ्यांना पदर लावला. तिच्या शेजारी सखाने कपाळाला हात लावला. एकाच कॅसेटीचे हे दोन परिणाम होते.

जना ही भिसेगावच्या सखाची आणि मोतीबाईची एकुलती एक लेक. जावई गजा मोहियुद्दीनच्या ओळखीनेच मस्कतला वेल्डर म्हणून लागला होता आणि वर्षभरापूर्वी जनाला घेऊन गेला होता. आता जनाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम सगळ्या मुलखाला ठाऊक. पण तिकडच्या डॉक्टरणीने जनाला विमानात बसायला साफ बंदी केली होती. म्हणून गजाने सासूसासऱ्यांनाच बोलावलं होतं. पासपोर्ट गेल्याच वर्षी झाले होते. फक्त ‘हो’ म्हणायचं बाकी होतं. खोपोलीचा एक माणूस रविवारी मस्कतला परत जाणार होता, त्याच्याबरोबर उत्तराची कॅसेट पाठवायची होती.

“इद्रिसभाई, तिकडं उन्हाळा कसा असतो?” सखाने विचारलं.

इद्रिस स्वतः दादरच्या पलीकडे कधी गेला नव्हता, पण त्याने माहिती द्यायला कधी कंजुषी केली नाही. “सखाभाऊ, आपला मोहियुद्दीन तिकडे रस्त्याच्या कामावर आहे. तो सांगतो, मोटारीच्या पत्र्यावर अंडं फोडलं की पोळी होते. सावलीतसुद्धा चपलेशिवाय पाय टाकता येत नाही. अन् दुपारी नळाला उकळतं पाणी येतं.”

“बरं झालं,” मोतीबाई म्हणाली. “बाळंतिनीला पानी तापवायला नको.”

घरी येईपर्यंत सखा सावली शोधत चालला. उन्हाचं आणि त्याचं जुनं वाकडं होतं. मागे एकदा चौक गावी हमरस्त्यावर ट्रकची वाट बघत तो वैशाखात उभा राहिला आणि तिथेच आडवा झाला. ढाबेवाल्याने नाकाला कांदा लावून त्याला शुद्धीवर आणला होता. तेव्हापासून चैत्र लागला की सखा टोपीखाली कांदा ठेवायचा. अशा माणसाने भर जूनमध्ये वाळवंटात जायचं म्हणजे पोतंभर कांदे लागले असते.

“हिवाळ्यात जाऊ,” रात्री जेवताना तो म्हणाला.

“पोर हिवाळ्यापत्तुर थांबंल का पोटात?” मोतीबाई म्हणाली. “माझ्या लेकीला माहेराला येता येत नाय. मग माहेरानं जायला नको? तिथं तिला गरम भाताची पेज कोन देनार? अंगाला तेल कोन लावनार?”

“अगं, पन सोसलं नाय तर? आपुनच आडवं झालो तर ती आपलं करंल का पोराचं?”

हे मात्र खरं होतं, आणि मोतीबाईने ताट बाजूला सारलं. तिचं अर्धं ताट तसंच राहिलेलं बघून सखाला आणखी वाईट वाटलं. त्यालाही लेकीची आठवण येत होती. जना सासरी गेल्यापासून त्याने उंबऱ्याबाहेरच्या तिच्या जास्वंदीला एकदाही पाणी चुकवलं नव्हतं. पण सखा हिशेबी शेतकरी होता. बी पेरायचं तर आधी मूठभर भिजवून बघायचं, ही त्याची रीत. वाळवंटाचंही तसंच करायचं, असं त्याने अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवलं.

मूठभर वाळवंट कुठे मिळतं, हे त्याला ठाऊक होतं. राब भाजायचे दिवस होते. भाताची रोपं करायची ती जमीन पावसाआधी पालापाचोळा, शेण, झाडांची छाटलेली कवळं पसरून भाजून काढतात. सखाचे दोन राब शेजारी शेजारी रचून तयार होते. दोन्ही एकदम पेटवायचे आणि मधल्या बांधावर भर दुपारी बसायचं. सोसलं तर जायचं, नाही सोसलं तर नाही जायचं. इद्रिसने सांगितलं होतं की तिकडची माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरं नेसतात, म्हणून सखाने आपलं लग्नातलं धोतर अंगभर गुंडाळलं आणि डोक्यावरून घेतलं.

गुरुवारी दुपारी राब पेटले. दोन्हीकडून धग आली, वरून ऊन आलं. धूर डोळ्यांत जाऊ लागला म्हणून सखाने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर ओघळू लागलं. तोंड उघडलं की राख जायची म्हणून तो बोलेना.

नेमकी त्याच वेळी गावातली अंबूबाई आपली हरवलेली म्हैस शोधत बांधावरून आली. धुरात पांढरी आकृती, दोन्ही बाजूंना अग्नी, डोळे मिटलेले, गालावर धारा. ती जागच्या जागी उभी राहिली.

“सखादादा, कोनता नवस फेडतोस रं?”

सखाने तिला जा म्हणून हात हलवला. हात ओढ्याच्या दिशेने हलला. अंबूबाईने हात जोडले आणि ती ओढ्याकडे पळाली. म्हैस तिथल्या डोहात नाकापर्यंत बुडून बसली होती. चैत्रवैशाखात म्हैस दुसरीकडे कुठे असणार, हे अंबूबाईलाही एरवी कळलं असतं. पण आता तिला ते सखादादाने दाखवलं होतं.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट भिसेगावभर झाली. शुक्रवारी सखाने राखेवर नवा पाला टाकून पुन्हा पेटवला, तेव्हा बांधावर त्याच्याआधी दोन नारळ आणि उदबत्तीचा पुडा येऊन बसला होता. थोड्या वेळाने गोमा आला. गोमा माणूस चांगला, पण रोज तिन्हीसांजेला ताडीच्या मडक्याजवळ सापडायचा.

“सखादादा, माझ्या घरात शांती का नाय, एवढं सांग,” गोमा म्हणाला.

सखाचा घसा कोरडा ठणठणीत पडला होता. पाणी दे, एवढंच सांगायला त्याने अंगठा तोंडाकडे नेला. मग इतका वेळ नुसता उभा राहिलेल्या गोमाचा राग येऊन तोच हात त्याने जोरात झटकला. गोमाने अंगठा पाहिला, झटका पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. पाणी न देताच तो घरी गेला आणि त्याने मडकं उंबऱ्यावर फोडलं.

गोमाची बायको सोनुबाई शनिवारी सकाळीच येऊन सखाच्या पायांवर पडली. “तुमी माझा संसार वाचवलात,” ती म्हणाली. तिच्यामागे आणखी दहाबारा बाया होत्या.

“अगं बायांनो, मी वाळवंटाची तालीम करतोय,” सखा कळवळून म्हणाला.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. “केवढं बोलला,” अंबूबाई हळूच म्हणाली. “संसार म्हंजे वाळवंटच की गं.”

देवमाणूस उन्हात बसतो हे गावाला बरं दिसेना. गोमाला आता संध्याकाळी उद्योग नव्हता आणि दुपारी दम होता. त्याने चार मेढी रोवल्या आणि जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला. सोनुबाईने ताकाचा गडवा आणून ठेवला. अंबूबाई सुपाने वारा घालू लागली. कुणीतरी राबावर ओली माती टाकून धग कमी केली. सखाने डोळे उघडून बघितलं तर वर गार सावली होती, हातात ताक होतं आणि कानाशी वारा होता. त्याला फार बरं वाटलं. लोक उगीच त्या वाळवंटाला भितात, असं त्याच्या मनात आलं आणि तो बसल्या बसल्या घोरू लागला.

दिवस कलताना तो ताजातवाना होऊन घरी आला. मोतीबाई अंगणात बसून जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडत होती.

“मोती, मला सोसलं,” तो म्हणाला. “आजच्याला तर काय वाटलंबी नाय. चल, इद्रिसकडं जाऊन कॅसेट भरू. येतो म्हनून सांगू.”

मोतीबाईने मान वर केली नाही. “कॅसेट गुरुवारीच भरली. तुमी धुरात बसलात तवा मी डेपोवर जाऊन आले. इद्रिसभाईंनी त्याच दिवशी खोपोलीला पोचवली.”

“आन् काय सांगितलंस?”

“आमी दोघं येतो म्हनून. ह्यांची काळजी करू नको, ह्यांना मी आनते.”

सखा तसाच उभा राहिला. “मग मला कशाला भाजू दिलंस गं तीन दिस?”

“तुमच्या मनाची तयारी होत होती,” मोतीबाई म्हणाली. “आन् राबबी भाजून झालं. ते कुनाला चुकलंय?”

सखाला राग यायला हवा होता, पण आला नाही. तो तिच्याजवळ बसला आणि खरं काय ते बोलून गेला. “मला उन्हाचं भ्या हाय, ते खोटं नाय. पन त्यापरीस तुला तिकडं काय झालं तर, ह्याचं जास्त होतं.” मोतीबाईचा हात थांबला. “ठाव हाय मला,” ती म्हणाली, आणि तिने सुईत दोरा ओवायला त्याच्याकडे दिला.

पुढचे दिवस तयारीत गेले. भावकीतल्या नागूने लावणीची जबाबदारी अंगावर घेतली. मोतीबाईने डिंक, खारीक, हळीव, बाळंतकाढ्याची पुडी असं सगळं बांधलं. सखाने निवडून निवडून कांदे घेतले. बांधावरचा मांडव मात्र तसाच राहिला आणि तिथे रोज एखादा नारळ येतच राहिला. गोमा तिथे राखणीला बसू लागला.

आणि मग इद्रिसकडे जनाची दुसरी कॅसेट आली. ह्या खेपेला त्याने आधी टेपरेकॉर्डर फडक्याने पुसला आणि मगच बटण दाबलं.

“आये, बाबा, तिकिटं निघाली,” जना सांगत होती. तिच्या आवाजातच हसू होतं. “आन् मागल्या कॅसेटीत सांगितलंच हाय मी, गरमीचं काय नाय. घरात खिडकीत येसी बसवलाय. मालकाची वीज हाय, रातदिस चालू असतो. उलट मलाच सारखी थंडी वाजते गं. येताना दोन जाड गोधड्या आना. आन् बाबांना मफलर आनायला सांग, त्यांना गारठा सोसत नाय.”

इद्रिस टेपरेकॉर्डरकडे अपराधी नजरेने बघत होता. मोतीबाई पदरात तोंड घालून हसत होती, इतकी की शेवटी तिला बाकावर आडवं व्हावं लागलं. सखा मात्र गंभीर होता.

“इद्रिसभाई,” तो म्हणाला, “तुमच्या मागच्या खोलीत बर्फ असतो ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सखा मफलर गुंडाळून इद्रिसच्या बर्फाच्या खोलीत शिरला. भुशात पुरलेल्या लाद्या एकावर एक रचलेल्या होत्या. एका लादीवर गोणपाट टाकून तो बसला आणि आतून दार ओढून घेतलं. थोड्याच वेळात त्याचे दात वाजायला लागले. बोलायला तोंड उघडेना. गारठ्याने डोळ्यांतून पाणी आलं, म्हणून त्याने डोळे मिटले.

अंबूबाईच्या घरी त्या दिवशी पाहुणे होते. ती बर्फ घ्यायला आली. इद्रिस गिऱ्हाइकात होता, म्हणाला, “आत जाऊन घ्या, मावशी.” तिने दार उघडलं. पांढऱ्या वाफेत बसलेली आकृती, मिटलेले डोळे, गालावर धारा. ह्या खेपेला तिला काही विचारावं लागलं नाही. तिने पिशवीतला नारळ काढून समोर ठेवला आणि हात जोडले.

“सखादादा, जनाला काय व्हईल, एवढंच सांग. पोरगा का पोरगी?”

सखाला खालून गारठा चढत होता. एका गोणपाटाने भागत नव्हतं. दाराशी आणखी गोणपाटं पडलेली होती. त्याने थरथरत हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

अंबूबाई बर्फ न घेताच भिसेगावला पोचली.

सखा दुपारी नाक ओढत घरी आला, तेव्हा मोतीबाई अंगणात बसून दुपटं शिवत होती. एक पूर्ण होऊन बाजूला घडी घालून ठेवलेलं होतं. मांडीवर दुसरं होतं, तितकंच लहान, त्याच निळ्या लुगड्याचं.

“हे दुसरं कुनाला?” सखाने विचारलं.

“अंबू सांगून गेली. तुमीच दोन बोटं दाखवलीत.”

सखाने डोक्यावरचा मफलर काढला. “अगं, मी दोन गोनपाटं मागत होतो. बुडाला गारठा लागत होता.”

मोतीबाईने दाताने दोरा तोडला, दुपटं झटकलं, पहिल्यावर नीट घडी करून ठेवलं.

“दोन मागितलीत ना?” ती म्हणाली. “मग झालं.”