सशाचा चारा

प्लोवदिवच्या स्टेशनात तीस वर्षं सिग्नल सांभाळून निवृत्त झालेल्या वल्चो कराजोव्हच्या दिवाणखान्यात तीनशे लिटर समुद्र होता, आणि त्यात उन्हाळाभर शेवाळ माजलं होतं. दगडांवर, पोवळ्यांवर, काचेवर नुसते हिरवे केस. वल्चोने ते टूथब्रशने घासलं, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, तीन दिवस टाकीवर घोंगडी टाकून अंधार केला. चौथ्या दिवशी घोंगडी काढली तेव्हा मासे दचकले. शेवाळ मात्र ताजंतवानं होतं.

खालच्या मजल्यावरच्या मेतोदीचीही खाऱ्या पाण्याची टाकी होती. तीही हिरवीगार, पण त्याचं मेतोदीला काहीच वाटत नसे. "मेंढ्या सोड त्यात," असं वल्चो त्याला चारचौघांत म्हणाला होता. आणि पुढच्या महिन्यात हौशी मत्स्यपालकांच्या मंडळाची माणसं वल्चोची टाकी बघायला येणार होती.

"समुद्री ससा न्या," शोभेच्या माशांच्या दुकानातली बाई म्हणाली. गोगलगायीच्या जातीचा, मुठीएवढा तपकिरी, लिबलिबीत गोळा, डोक्यावर कानांसारखी दोन शिंगं. त्याने आठ दिवसांत टाकी चाटूनपुसून लख्ख केली. वल्चो शेजाऱ्यांना जिन्यात थांबवून काच दाखवायला वर आणू लागला.

नवव्या दिवशी ससा काचेवर वरवर चढला आणि तिथेच मलूल होऊन बसला.

"उपाशी आहे," दुकानातली बाई फोनवर म्हणाली. "शेवाळाशिवाय काही खात नाही तो. आणि मेला ना, तर जांभळी शाई सोडेल. मासेही जातील."

"मग परत घ्या!"

"माझ्याकडे तरी कुठंय शेवाळ?"

"मेतोदीला देऊन टाक," बायको, झ्लात्का, म्हणाली.

"म्हणजे त्याची टाकी लख्ख होईल!"

"मग मेतोदीकडून शेवाळ आण."

वल्चोने लाल चटणीची रिकामी बरणी उचलली, ती कोटाखाली लपवली आणि खाली गेला. मेतोदीने दार उघडलं.

"थोडं... हिरवं मिळेल का?"

"हिरवं म्हणजे? पालक?"

"शेवाळ रे बाबा!"

मेतोदीने त्याला खुर्चीवर बसवलं, राकिया दारूचा पेला पुढे केला आणि शांतपणे म्हणाला, "आधी सांग, टाकी कशी आहे माझी?"

वल्चोने एक घोट घेतला. "भरघोस आहे," तो म्हणाला.

रोज एक बरणी ठरली. ससा टवटवीत झाला. पण पंधराव्या दिवशी मेतोदीने बरणी अर्धीच भरली. "माझ्या कोळंब्यांना लपायला जागा उरली नाही. तुझं तू पिकव, तोवर अर्धीच मिळेल."

वल्चोने बाल्कनीत टब मांडला, टाकीतलं पाणी ओतलं, दगड ठेवला, उन्हात सोडलं. काही नाही. चिमूटभर माशांचं खाणं टाकलं. काही नाही. उन्हाळाभर न बोलावता आलेलं शेवाळ आता आर्जवं करूनही येईना. तो सकाळी उठून दात घासायच्या आधी टबावर वाकायचा. पाणी नितळ, दगड पांढराफटक.

"एवढं स्वच्छ तर आपलं पिण्याचं पाणीही नसतं," झ्लात्का म्हणाली.

वल्चो हट्टाला पेटला. टबाची जागा बदलली, खाणं वाढवलं, पाणी ढवळणारा छोटा पंप लावला. मंडळ येण्याच्या आदल्या शनिवारी बाल्कनीतून त्याची आरोळी आली. झ्लात्का पीठ माखल्या हातांनी धावत गेली. दगडाच्या एका कडेला बोटभर हिरवी लव होती.

"अगं बघ, हलतीये!" वल्चो टबावर वाकूनच म्हणाला.

रविवारी मंडळाच्या अध्यक्षा रायनाबाई आल्या. मागोमाग मंडळी, आणि सवयीने हातात अर्धी बरणी घेऊन मेतोदी. रायनाबाई काचेशी नाक लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"वा! शेवाळाचा एक तंतूसुद्धा नाही! कसं जमवलंत?"

"ते राहू द्या हो, ते कुणीही करतं," वल्चो म्हणाला. "बाल्कनीत चला."

सगळी मंडळी टबाभोवती दाटली. रायनाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "अहो, पण हे तर शेवाळ आहे."

"मी लावलंय," वल्चो ताठ उभा राहून म्हणाला. "स्वतःच्या हातांनी."

मेतोदी पुढे झाला, गुडघ्यावर बसला, त्याने बोटाच्या टोकाने ती लव हलकेच चाचपली.

"अजून बारीक आहे," तो म्हणाला.

"मग? वय काय आहे त्याचं!" वल्चो म्हणाला आणि टबावर ऊन नीट पडावं म्हणून त्याने रायनाबाईंना जरा बाजूला सरकायला सांगितलं.