नाइस मुलगी

१९८४ साली मुलुंडच्या शिवदास राणेंच्या मुलीला, उत्तराला, बोरिवलीचं स्थळ सांगून आलं. नंदू परब मुलगी पाहून गेला आणि आठवड्यात त्याच्या वडिलांचं, सहदेवरावांचं पत्र आलं. पत्र इंग्रजीत. मराठीत दिलेला होकार वजनाला कमी भरतो, असा त्यांचा समज असावा. ‘गर्ल इज व्हेरी नाइस,’ एवढंच लिहिलं होतं.

उत्तराच्या आईने, सुगंधाबाईंनी, देवापुढे साखर ठेवली. पण शिवदास म्हणजे साहेबाच्या मसुद्यातल्या चुका काढून बढती घालवलेले गृहस्थ. त्यांनी जाडजूड डिक्शनरी उघडली.

“थांब! मूळ शब्द लॅटिन. अर्थ, ज्याला काही कळत नाही तो. पूर्वी मूर्खाला नाइस म्हणत.”

“पूर्वी ना? आता चांगली म्हणतात.”

“मूळ ते मूळ! आपल्या मुलीला मूर्ख म्हणतायत!”

त्यांनी उलट टपाली कळवलं, ‘युवर सन इज ऑल्सो नाइस. युवर होल फॅमिली इज नाइस.’ इतका सभ्य अपमान आपणच करू जाणे, म्हणून ते दिवसभर खूश होते.

रविवारी सहदेवराव नंदूसह पेढे घेऊन हजर! “काय पत्र लिहिलंत! अख्ख्या बिल्डिंगला वाचून दाखवलं.”

केलेला अपमान समोरच्याला कळू नये, हे शिवदासांना सोसेना. त्यांनी पाहुण्यांना लॅटिनपासून सगळं समजावलं. सहदेवरावांचं इंग्रजी तिथेच संपलं.

“माका येडो म्हणतास? नि ता पण लिहून?”

“सुरुवात तुमची!”

“नंद्या, ऊठ!”

आत चहा ओतता ओतता उत्तरा सगळं ऐकत होती. तिला नंदू आवडला होता. पण ते तिला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

नंदू उठलाच नाही. “काका, काही न कळणारा म्हणजे नाइस, बरोबर?”

“बरोबर.”

“मग तुमचं पत्र खरं आहे. तुम्ही दोघं का भांडताय, मला काहीच कळलं नाही. साखरपुडा कधी करायचा?”

उत्तरा चहा घेऊन बाहेर आली आणि पहिला कप नंदूपुढे धरून म्हणाली, “बाबा, मलाही काहीच कळलं नाही.”

दोघा व्याह्यांचे हात पहिल्यांदाच एकमताने पेढ्यांकडे वळले.