इज शेवटी

साहेबासमोर बसायला इंग्रजीतलं एकच वाक्य पुरतं, हे जयवंतने अर्ज टाकला त्याच दिवशी भांडुपच्या अख्ख्या चाळीला सांगून टाकलं. संपात त्याची गिरणी बंद पडून दीड वर्ष झालं होतं, आणि अंधेरीच्या एका छत्र्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपरची जागा निघाली होती. अट एवढीच, की इंग्रजी बोलता आलं पाहिजे. ही नोकरी हातची घालवून चालणार नव्हती.

शिकवायला ग्रेस टीचर होत्या. गावठाणातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की शिकवायच्या.

"हे बघ जयवंत, सभ्य माणूस 'व्हेअर इज द ऑफिस' असं तोंडावर फेकत नाही. 'कुड यू टेल मी व्हेअर द ऑफिस इज?' असं विचारतो. इज शेवटी."

"म्हणजे आपल्या 'आहे'सारखं? ऑफिस कुठे आहे?"

"तसंच समज."

जयवंत हरखला. इंग्रजी तर घरचीच निघाली! आठवडाभर त्याने बायकोला, शेवंतीला भंडावून सोडलं.

"कुड यू टेल मी व्हेअर द चहा इज?"

"स्टोवर आसा. उठान घे," ती म्हणाली.

मुलाखतीला तो शेजारच्या चंद्रप्रकाशचा सफारी घालून गेला. फाटकावर त्याने ऐटीत विचारलं, "कुड यू टेल मी व्हेअर द मॅनेजर इज?" वॉचमनने खाडकन सलाम ठोकला. त्या दिवशी हेड ऑफिसचे साहेब तपासणीला यायचे होते, हे जयवंतला कुठून ठाऊक असणार? वॉचमनने त्याला थेट केबिनमध्ये नेलं. मॅनेजर उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून जयवंतने टेबलावरच्या फायलीकडे बोट दाखवलं. "कुड यू टेल मी व्हॉट धिस इज?"

मॅनेजर भडाभडा इंग्रजीत सांगत सुटले. जयवंत मान हलवत राहिला. मग त्याने कोपऱ्यातल्या मोडक्या छत्र्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून तेच विचारलं, तेव्हा मॅनेजरना दरदरून घाम फुटला. जयवंत मनात म्हणाला, मुलाखत म्हणतात ती हीच? मग लोक उगाच घाबरतात. सगळी उत्तरं साहेबच देतायत!

एवढ्यात बाहेर शिपाई ओरडला, "जयवंत धोंडू परब!"

गिरणीत अठरा वर्षं हजेरी दिलेला माणूस. हातात कपबशी आहे, हे तो विसरलाच. ताडकन उठला आणि कारखाना दणाणेल असा ओरडला, "हजर!"

चहा सफारीवर सांडला. मॅनेजरनी आधी सफारीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. आता 'कुड यू' नाही की काही नाही, थेट विचारलं, "हू आर यू?"

जागा त्याच दुपारी दुसऱ्या कुणाला मिळाली. ग्रेस टीचरनी अजून नुसते प्रश्नच शिकवले होते. उत्तरं पुढच्या रविवारपासून सुरू व्हायची होती.