निळीला एक दुःख पाहिजे

मी मनात आणलं तर दगडालाही रडवू शकते! हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझ्या प्रतिभेचा काहीएक दोष नव्हता हे तुम्हाला पटेल.

आम्ही तिघी मैत्रिणी मिळून एक वेबकॉमिक करतो. ढगांवरच्या गावात निळी नावाची मुलगी राहते. खांद्याला सुयांची पिशवी, केसांत अडकलेला धागा. ढग फाटला की ही टाके घालते. संध्याकाळी दमून ढगाच्या काठावर पाय सोडून बसते आणि खाली एकेक दिवा लागत जातो... बघा, नुसतं सांगतानाच मी तरंगायला लागले!

तर, गोष्ट रचते आणि चित्रं काढते ती ठिपका. आधी कागदावर एक ठिपका देते आणि त्याच्याकडे अशी टक लावून बसते, जणू आता त्यातून पिल्लू बाहेर येणार. रंग भरते ती रंगारीण. आणि मी फुगेवाली! पात्रांच्या तोंडाजवळच्या फुग्यांत अक्षरं भरणारी. शब्द दुसरीचे, फुगा माझा.

पण या वर्षी मला कंठ फुटला. "निळीचा भूतकाळ मी लिहिणार!" मी जाहीर करून टाकलं.

"लिही," ठिपका म्हणाली. "पण वाचक रडले पाहिजेत. लोक हसले ना, तर तू परत फुग्यात! आणि नियम माहीत आहे. एकदा पानावर गेलं की गेलं, मागाहून खोडायचं नाही."

ठिपकाची एक अडचण आहे. वस्तू समोर असल्याशिवाय तिला रेघ ओढता येत नाही. किटली काढायची तर किटली आणून द्या. पुरुष काढायचा तर? तिच्या ओळखीत तासभर न हलता उभे राहणारे एकच पुरुष आहेत, माझे बाबा. ते लिफ्ट दुरुस्त करतात. अडकलेल्या लिफ्टसमोर निमूट उभं राहायचा त्यांना जन्माचा सराव! त्यामुळे आमच्या कॉमिकमधला राजा, चोर, वाऱ्याचा व्यापारी, सगळ्यांना बाबांचंच तोंड. तेच टक्कल, तीच कानावरची पेन्सिल. बाबा जाम खूश. दर आठवड्याला विचारतात, "या वेळी मी कोण?"

मी पहिला मसुदा वाचला. "निळी अनाथ असते..."

रंगारिणीने जबडा दुखेल एवढी जांभई दिली. "आपल्याकडे कोण अनाथ नाहीये? अख्ख्या गावात एकालाही आई नाही. तिथे भात कोण लावतं, देव जाणे!"

म्हटलं, ठीक आहे. खरं दुःख शोधू या. जेवताना मी बाबांना विचारलं, "बाबा, तुमच्या आयुष्यात एखादं मोठं दुःख आहे?"

बाबांनी घास खाली ठेवला. खिडकीबाहेर पाहिलं. मी श्वास रोखला.

"तेरा नंबरचा पाना," ते म्हणाले.

"काय झालं त्याला?"

"हरवला. नवा घेतला, पण तो हातात बसत नाही गं." आणि खाली मान घालून जेवायला लागले.

"माझं दुःख विचार ना!" आई म्हणाली. "ते समोर बसलंय. भाजी गार झाली तरी ढग बघतंय!"

पण माझं लक्ष होतंच कुठे? मला दिसायला लागलं होतं... जमिनीपासून ढगांपर्यंत जाणारी एक लिफ्ट. ती निळीचे बाबा चालवतात. एकदा त्यांचा पाना वरच राहतो. "आलोच," म्हणतात. छोटी निळी खाली कंदील धरून उभी. लिफ्ट वर जाते, जाते, ढग फाडून आत शिरते. मग हळूहळू खाली येते. दार उघडतं. आत कुणी नाही. फक्त पाना. तेव्हापासून निळी ढग शिवते, पण टाका घालण्याआधी प्रत्येक भोकातून एकदा आत हाक मारते.

हे ऐकून ठिपकाने लगेच कागद ओढून त्यावर ठिपका दिला. रंगारीण नाक ओढत म्हणाली, "माझा राखाडी रंग संपणार बहुतेक."

भाग पानावर गेला आणि महापूर आला! वाचक हुंदके देत होते. शाळेत दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी प्रयोगशाळेत रडली, तेही कांदा न कापता! मी जमिनीवरून चालतच नव्हते.

मधल्या सुट्टीत मावशीचा फोन आला. मावशीला आमच्या कॉमिकचा पत्ता नाही. तिला कुणीतरी शेवटची दोनच चित्रं पाठवली होती. एकात बाबांचं हुबेहूब तोंड, दुसऱ्यात रिकामी लिफ्ट. खाली लिहिलेलं, "त्यानंतर माझे बाबा कुणालाच दिसले नाहीत." त्याखाली माझं नाव! हे सगळं मला नंतर कळलं हो.

"अगं, खरं का हे?" मावशीचा आवाज कापत होता.

"वाचलंस? कसं वाटलं?"

"कसं वाटलं काय विचारतेस! कधी झालं?"

"मागच्या आठवड्यात. आधी मी त्यांना नदीत बुडवणार होते, पण म्हटलं लिफ्टच बरी."

पलीकडून मोठा हुंदका आला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सख्खी मावशी रडली!

"आणि तो पाना बघितलास ना, मावशी? तोच खरा—"

फोन बंद. म्हटलं, भावना अनावर झाल्या असतील.

झाल्याच होत्या! तिने बाबांना फोन लावला. ते लिफ्टच्या बोगद्यात, तिथे रेंज कसली? आईला लावला. आई दातांच्या दवाखान्यात काम करते, तिचा फोन खणात. मग बाबांच्या ऑफिसात. तिथला कारकून म्हणाला, "ते नव्या उंच इमारतीत गेलेत. सकाळपासून आम्हालाही लागत नाहीयेत."

शाळा सुटता सुटता आईचा फोन. "तुझी मावशी बाबांच्या त्या नव्या इमारतीत रडत पोचलीय! काय केलंस तू?"

आम्ही तिघी धावत सुटलो. इमारतीच्या तळमजल्यावर हीऽ गर्दी! मावशी लिफ्टच्या बंद दाराला तोंड लावून ओरडत होती, "भावोजीऽऽ!" वॉचमन सगळ्यांना मागे सारत होता आणि स्वतः पुढे सरकत होता.

"मावशी, अगं ती गोष्ट आहे!" मी म्हटलं.

"गोष्ट कसली? तूच म्हणालीस ना बुडवणार होते म्हणून!"

गर्दी माझ्याकडे वळली. एक आजोबा दोन पावलं मागे सरले.

तेवढ्यात दारावरचे आकडे हलले. सात. सहा. पाच. मी ते दार मनात किती वेळा उघडलं होतं, दर वेळी रिकामं! तीन. दोन. दाराच्या फटीतून उजेडाची रेघ आली आणि मला वाटलं, आत फक्त पाना असेल तर?

दार उघडलं.

आत बाबा. एका हातात डबा, कानावर पेन्सिल. "अरे वा! चालू झाली म्हणून एवढी गर्दी?"

मावशीने भोकाड पसरलं. आणि मी? दगडाला रडवणारी मी, बाबांच्या तेलकट शर्टात तोंड खुपसून तिच्याहून मोठ्याने रडले.

रंगारिणीने तेवढ्यात फोटो काढला. बाबांना तो फारच आवडला. संध्याकाळी त्यांनी स्वतःच तो आमच्या भागाखाली टाकला आणि लिहिलं, "मी सुखरूप आहे. डबा खाल्ला. पाना मात्र खरोखर हरवलेला आहे. चित्रात आहे तोच. मुठीवर लाल चिकटपट्टी, अर्धी सुटलेली. मिळाल्यास कळवावे." खाली फोन नंबर!

वाचक हसून हसून लोळले. एकाने विचारलं, "काका, वर हवा कशी आहे?" बाबांनी उत्तर दिलं, "छान."

"हसले," ठिपका म्हणाली.

"अगं, पण ते काढून टाक ना!"

"पानावर गेलं की गेलं."

मी मुकाट्याने फुगे पुढे ओढले. मग एकदम काहीतरी टोचलं. "ठिपका, चिकटपट्टीचं मी कुठे लिहिलं होतं? तू ती कशी काढलीस?"

"समोर बघून," ती म्हणाली, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेली वस्तू तिने उचलली. "तूच नाही का आणून दिलास, चोराच्या हातात द्यायला? परत न्यायला आलीच नाहीस."

तेरा नंबरचा पाना!

मी तो गुपचूप बाबांच्या पिशवीच्या तळाशी सरकवला. सकाळी बाबांनी असा आनंदाने आरडाओरडा केला की वरच्या मजल्यावरचे खाली आले. आता त्यांच्या आयुष्यात एकही दुःख उरलेलं नाही. आईचं आहे, पण ते सध्या फुगे भरतंय.