वानखडे सरांचा वरचा कूलर

मे महिन्यात, अकोल्यात, घाम पुसत पुसत “आपला नायट्रिक मस्त काम करून राहिला,” असं समाधानानं सांगणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच. आमचे शेजारी, वानखडे सर. जन्मभर अमरावतीत फिजिक्स शिकवलं, निवृत्तीनंतर इकडे आले. स्वतःसाठी कूलर लावत नाहीत. कारण विचारलं की बोट आभाळाकडे. “वरतं मोठा चालू हाये, भाऊ.”

हा मोठा कूलर मला पाठ झालाय. सूर्यावर वादळ झालं की शंभर किलोमीटरच्याही वरची विरळ हवा तापते, फुगते. तिथले नायट्रिक ऑक्साइडचे रेणू ती उष्णता न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून बाहेर टाकतात. हवा निवते, परत आकसते.

गल्लीनं मात्र सोयीचा अर्थ घेतला. फुलं विकणाऱ्या राऊतबाईंचा मोगरा दुपारीच सुकला, तेव्हा त्या थेट सरांच्या दारात. म्हणे, तुमचा कूलर बंद कावून हाये? हा गारवा खाली येत नाही, हे सरांनी त्यांना फळ्यावर काढून दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग त्याचा उपयोग काय?”

सर फळा पुसायला लागले.

उपयोग मला माहीत होता. त्यांची एकुलती एक लेक स्वाती बंगळुरात असते. तिच्या चमूनं बनवलेला छोटासा उपग्रह वर फिरतोय. हवा फुगली की त्याला अडवते, तो खाली सरकतो, शेवटी जळतो; वरच्या कूलरनं ती आकसली की तो टिकतो. तो वर आहे तोवर स्वातीला सुट्टी नाही. दोन उन्हाळे ती आली नव्हती.

परवा सूर्यावर मोठं वादळ झालं. सरांचा चेहरा उतरला. धीर द्यायला गेलो, तर सर खिडकीतल्या कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवत होते.

“अखेर लावला म्हणा!”

“माह्यासाठी नाही. स्वातीच्या खोलीचा हाये. दरसाल करतो.”

मी आपलं बोलून गेलो, की तो उपग्रह पडला तर पोरगी घरी तरी येईल.

सरांनी ताटी दाबून बसवली. “येईल ना. मलेई समजते ते. पन लय जीव लावून बनवला तिनं. राहू द्या वरतं.”

सरांनी टाकीत पाणी ओतलं, बटण दाबलं आणि हवा नीट लागते की नाही ते पाहायला स्वातीच्या रिकाम्या पलंगावर जाऊन बसले.