डबल बेल दिल्याशिवाय उडायचं नाही

आमच्या शेजारचे मन्मथअप्पा ड्रोनला डबल बेल देतात. टिंग टिंग झालं की ड्रोननं उडायचं, एकदाच टिंग झालं की असेल तिथं थांबायचं. अर्धापूरच्या केळीच्या बागांकडून घंटी ऐकू आली, तर देऊळ शोधत फिरू नका. बांधावर छत्रीच्या दांड्याला पितळी घंटी टांगून, तिला दोरी बांधून अप्पा उभे असतील. हातानं वाजवायला काय होतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "अक्का, हातानं वाजवत्यात ते गारेगारवाले."

अप्पा जन्मभर लाल बसवर कंडक्टर होते. माझी नातसून अश्विनी बचत गटाच्या फवारणीच्या ड्रोनची पायलट झाली. मशीनवर आणि आजूबाजूला नजर ठेवायला तिला जोडीदार हवा होता. अप्पा न विचारता तयार झाले आणि पहिल्याच दिवशी पाटी रंगवून घेऊन आले : 'चालकाशी बोलू नये'. ड्रोन वर असताना "ताई, केवढ्याला पडलं हे?" विचारणाऱ्याला अप्पा आधी पाटी दाखवतात, मग बांधावर ताणलेल्या दोरीच्या मागं उभं करतात. सरपंचांनाही केलंय. मलाही. मी तर फक्त "सरबत देऊ का?" एवढंच विचारलं होतं.

उडण्याआधी तपासणी. मशीनची अश्विनी करते आणि अश्विनीची अप्पा. "झोपलीस का? जेवलीस का? खोकल्याचं औषध-बिवषध घेतलंस का? कुणाशी वाजलं का?" मग स्वतःलाही हेच विचारतात आणि मोठ्यानं उत्तरं देतात. "मन्मथ, झोपलास का? हाव. जेवलास का? हाव. औषध? न्हाई. कुणाशी वाजलं का? घरात हाय कोन वाजवायला! न्हाई."

बघ्यांना वाटतं, म्हातारा कामातून गेला.

"मशीन बिघडलं की लाल दिवा लागतोय अक्का," अप्पा म्हणतात. "मानसाला दिवा कुठं हाय?"

मला हे सगळं नाटक वाटायचं. वाटणारच. मी कोण? पंचविशीत, अंगात ताप असताना नवऱ्याची लुना घेऊन मुदखेडला निघालेली बाई! नवरा "नको" म्हणाला, म्हणून तर निघाले. पहिल्याच वळणाला रस्ता डावीकडे गेला, मी सरळ गेले. पुढे वर्षभर सांगत होते, मी पडले नाही, केळीनं मला झेललं. केळीचे तीन खुंट आडवे झाले, माझी अक्कल मात्र जागची हलली नाही. ती अजून तिथंच आहे, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

गंगाधररावांच्या बागेत फवारणी होती. मोठे बागायतदार. त्यांचं काम नीट झालं तर त्या रस्त्यावरच्या सगळ्या बागा अश्विनीकडे येणार. ड्रोन पडला तर गटाच्या दहाजणींचं मशीन जाणार, वर "बाईच्या हातात दिलंच कशाला" हे ऐकायचं. आणि नेमकं आदल्या रात्री तिचं बाळ तापानं फणफणलं. पोरीनं डोळ्याला डोळा लावला नाही.

"आजी, अप्पांना काय सांगू?"

"झोपले म्हणून सांग," मी म्हणाले. "मी तापात लुना चालवली होती." कुठपर्यंत चालवली, ते नाही सांगितलं.

तिनं तसं सांगितलं. अप्पांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. टिंग टिंग. पहिली ओळ छान झाली. दुसऱ्या ओळीला वळताना ड्रोन विजेच्या तारेकडे सरकला.

टिंग!

अश्विनीनं तो तिथंच थांबवला, मग उतरवला.

"काय झालं हो?" गंगाधरराव धावत आले.

"मालक, माझ्या डोळ्यापुढं अंधारी आली," अप्पा म्हणाले. "मला दिसल्याबिगर गाडी चालत न्हाई. उद्या सकाळी सातला येतो."

"मग असलं म्हातारं आणलंच कशाला? उद्या न्हाई झालं तर मी दुसरं मशीन बोलावतो!"

"चूक माझी." एकही ड्यूटी चुकवली नाही, हे गावभर ऐकवणारा माणूस खाली मान घालून पाटी उपटू लागला.

परतताना टेम्पोत अश्विनी पुढं, आम्ही दोघं मागं. मी विचारलं, "अप्पा, डोळ्यांना काय झालं?"

"डोळ्याला काय व्हतंय? पोरीचा अंगठा थरथरून राहिला होता."

"मग तसं सांगायचं!"

"एकदा सांगितलं होतं अक्का. आमचा ड्रायव्हर तापला होता. भरल्या गाडीत वरडलो, ह्यो गाडी चालवायच्या लायक न्हाई. खरंच बोललो. पन त्यानं पुन्हा मला कधी खरं सांगितलं न्हाई. कवाबी इचारा, 'बरं हाय'." मग म्हणाले, "ह्या पोरीनं मला खरं सांगायला पायजे."

खोटं मी शिकवलं, हे कबूल करायला मला घर येईपर्यंत वेळ लागला.

"म्हाईत हाय," अप्पा म्हणाले. "तिला येवढ्या सफाईनं येत न्हाई."

दुपारी ते घरी आले. अश्विनीला झोपायला पिटाळलं आणि स्वतः पाळण्यापाशी बसले. बाळानं भोकाड पसरलं. अप्पांना अंगाई कुठली यायला! झोका देत हळू आवाजात थांबे म्हणू लागले, "नांदेड... अर्धापूर... वारंगा फाटा... बाळापूर... कळमनुरी..." कळमनुरीला बाळ झोपलं. अप्पा तरी हिंगोलीपर्यंत गेलेच.

"माझ्या पोराला झोपवायला कधी मिळालंच न्हाई," पाळण्याकडे बघत म्हणाले. "मुक्कामी गाडी असायची. मी यायचो तवर ते शाळंत. आता पुण्याला हाय."

दुसऱ्या दिवशी सातला गंगाधरराव घड्याळ बघत उभे होते. अप्पांनी विचारलं, "झोपलीस का?"

अश्विनीनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

"काल दुपारी झोपले अप्पा. रात्री बाळ दोनदा उठलं. हात बरा आहे, डोकं जरा जड आहे. अर्धा तास द्या." मग ती गंगाधररावांकडे वळली. "आणि काका, काल अंधारी अप्पांना नव्हती आली. मी झोपले नव्हते आणि खोटं बोलले."

गंगाधररावांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग अप्पांकडे. घड्याळ बाहीखाली ढकललं आणि गड्याला हाक मारली, "अरे, खुर्च्या आण. आन चहा सांग. पोरी, बाळाचा ताप उतरला का?"

अप्पा आमच्याकडे पाठ करून केळीचं एक पान बराच वेळ निरखत राहिले. अर्धापुरात जन्म काढलेल्या माणसाला केळीच्या पानात एवढं काय बघायचं असतं, हे मी विचारलं नाही.