पारकरचाचांची परतीची चिठ्ठी

तुमच्या शेजारचा माणूस आज किती वाजता घरी येणार आहे, ठाऊक आहे तुम्हाला? मला असतं. दर शुक्रवारी पारकरचाचा माझ्या दाराखालून चिठ्ठी सरकवतात: 'दुखानकडची टेकडी. परत सहा वाजता. न आल्यास शोधा.'

टेकडी आमच्या अल सद्दच्या इमारतीपेक्षा बुटकी. पण चाचांच्या पाठीवर सॅक, घोट्यापर्यंत बूट, गळ्यात शिट्टी आणि, कतारमध्ये, रेनकोट!

"चाचा, पाऊस?"

"डोंगराचा भरवसा नाय, बाबा."

चाचा रत्नागिरीचे, कंपनीत ड्राफ्ट्समन. सत्त्याण्णव साली ट्रेनिंगला स्कॉटलंडला गेले आणि ज्याचं नाव तिथल्यांनाही आठवावं लागतं अशा एका डोंगरावर एकटेच चढले. "तिथली रीतच आहे. जाताना कुणाकडे तरी चिठ्ठी ठेवायची." टेकडीवर जाताना मोबाइल मात्र बंद. "खलास! वर बोलायचं नसतं."

मी कॉलेजात चळवळीची पत्रकं वाटत वाढलेला. एकदा भडकलोच. "इथे माणसं उन्हात पोळतात, त्यांची वाट कोण बघतं? आणि तुमची ही हौस!"

"म्हणून तर चिठ्ठी तुला देतो. साऱ्या जगाची काळजी करतोस, त्यात एक मी."

एका शुक्रवारी मी कामगारांच्या खोल्यांवर घणाघाती लेख लिहीत बसलो होतो. मान वर केली तर सहा वाजून वीस मिनिटं. चाचांच्या दाराला कुलूप. फोन बंद. टेकडी बुटकी, पण वाटेत वाळवंट. गाडी रुतली असेल, पाणी संपलं असेल. लिफ्टची वाट न बघता चार मजले धावत उतरलो. पायांत चपला दोन वेगवेगळ्या.

खालच्या पायरीवर चाचा. बूट काढलेले, मोजे कठड्यावर वाळत, घड्याळ हातात.

"सहाला पाच कमी असताना आलो," ते म्हणाले. "तू वीस मिनिटं उशीर केलास."

"मग वर का नाही आलात?" मी ओरडलो.

चाचा मोजे झटकत राहिले. "स्कॉटलंडात त्या डोंगरावरून उतरायला मला उशीर झाला होता. बघतो तर घरमालकीण पावसात फाटकाशी उभी, हातात माझी चिठ्ठी. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी वाट बघत..."

त्यांनी मोजे सॅकमध्ये कोंबले. माझ्या चपलांकडे बघून हसले. "यल्ला, चल, चहा टाक."

माझा लेख अजून अर्धाच आहे. तोवर तुम्ही एवढं करा: आज शेजारच्या दारावर थाप मारा, कधी परतणार ते विचारा. आणि त्या वेळी घड्याळाकडे बघा.